यंदाचं मॉडेल

अप्पांनी दोन्ही फोन वर्तमानपत्रावर शेजारी शेजारी ठेवले, चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात घातला आणि डोळे मिटले.

"फिरव आता," ते म्हणाले.

सानिकाने फोन कागदावरून गोल गोल सरकवले, इकडचा तिकडे केला, परत आणला.

"कव्हरं काढलीस ना दोन्हींची?"

"तुमच्यासमोर काढली की."

"हां. कापड बघताना कोण पिशवीवरून हात फिरवतं?"

एक फोन तिचा होता, गेल्या वर्षीचा. दुसरा तिने अप्पांसाठी आणलेला, यंदाचा, बाजारात येऊन तीन आठवडेही न झालेला. ती पुण्यात ज्या एजन्सीत होती ती एजन्सी या कंपनीच्या जाहिराती करायची आणि त्यांचा मराठी मजकूर सहा वर्षं सानिका लिहीत आली होती. त्यामुळे फोन सवलतीत मिळाला. अप्पांचा जुना फोन पावसाळ्यापासून मधेच बंद पडत होता.

अप्पांनी एक उचलला. एकतीस वर्षं जहाजांवर इलेक्ट्रिशियन म्हणून काढलेली बोटं कडेवरून हळूहळू फिरली. अंगठ्याने कोपरे तपासले, नखाने मागच्या कॅमेऱ्याच्या भिंगांवर टकटक केलं, मग तळहातावर तोलून पाहिलं.

"हा नवा."

"जुना," सानिका म्हणाली.

"फिरव."

पाचांतले दोन बरोबर आले. अप्पांनी डोळे उघडले. हरल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर अजिबात नव्हतं. उलट एखादा फ्यूज कुठे उडालाय ते सापडल्यासारखा चेहरा होता.

"नाणं उडवलं असतं तरी इतके आले असते. आता तू."

"मला कळणारच, अप्पा. मी वर्षभर हेच करते."

"म्हणून तर म्हणतो, मीट डोळे."

यंदाच्या जाहिरातीत 'हाती घेताच जाणवेल' असं तिनेच लिहिलं होतं. ते वाक्य रत्नागिरीपासून नागपूरपर्यंत बसथांब्यांवर लागलं होतं. तिने डोळे मिटले. पाचांतले तीन चुकले.

पायरीवर बसलेला दादू मोठ्याने हसला. त्याची रिक्षा समोर माडाखाली उभी होती. दिवेलागणीला फेरी संपली की तो रत्नागिरीतल्या मांडवीच्या आळीत अप्पांच्या पायरीवर येऊन बसायचा, गेली वीस वर्षं.

"अरे विठू, मग हिला पगार कशाचा देतात?"

"विशेषणांचा," अप्पा म्हणाले.

स्वयंपाकघरातून आई हसल्याचं ऐकू आलं. सानिकाही हसली. अप्पा उठून आतून पत्र्याचा बिस्किटांचा डबा घेऊन आले. त्यात त्यांचे सगळे जुने फोन होते. अँटेना ओढून लांब करायचा एक, घडी घालायचा एक, वरचा भाग सरकवला की खाली बटणं निघणारा एक, आणि टॉर्चवाला, जो ते अजून दर रविवारी चार्ज करत.

"हे बघ. हा सिंगापूरला घेतला. इंजिनरूममध्ये अंधारात खिशात हात घातला तरी कळायचं कुठला नंबर दाबतोय ते. पाचाच्या बटणावर टिंब असायचं. कुणीतरी विचार केला होता गो, की आंधळ्या माणसाला पण फोन करावासा वाटेल." त्यांनी टॉर्चवाल्याचं बटण दाबून पाहिलं. "दर दोन वर्षांनी नवीन काहीतरी हातात यायचं. चुकायचे पण, वेडंवाकडं करायचे. करायचे पण! आता काय करतात? मागे एक भोक वाढवतात. आधी एक, मग दोन, मग तीन. फोन विकतात का शेगडी?"

"शेगडीवर भात तरी होतो," दादू म्हणाला.

"बंद केला की आपलंच तोंड दिसतं. तेवढा उपयोग."

दुसऱ्या फेरीच्या वेळी सानिकाने आईच्या फोनवर त्यांचं चित्रण केलं होतं. डोळे मिटलेले अप्पा, ओठ किंचित पुढे, फोनच्या पाठीवर नख वाजवताहेत, आणि मग खात्रीने "हा नवा!" चाळीस सेकंद. तिने ते आपल्या फोनवर घेऊन ऑफिसच्या ग्रुपवर टाकलं, खाली लिहिलं, 'आमच्या घरचा संशोधन विभाग. निष्कर्ष: फरक आढळला नाही.' दहा मिनिटांत हसणारे चेहरे आले. कुणी लिहिलं, 'काका भारी, पण हे क्लायंटला दाखवू नकोस.' कुणी लिहिलं, 'आजोबांना आधी चष्मा घेऊन दे.' त्याला तिने उत्तर दिलं: 'त्यांना वाजणारं काहीही चालेल. खुळखुळा दिला तरी कानाला लावतील.' त्यावर सगळ्यात जास्त चेहरे आले.

जेवणाआधी तिने नवा फोन चालू करून दिला. सोबत आलेल्या बारीक टाचणीने सिमकार्डाचा कप्पा कसा बाहेर येतो ते अप्पांनी वाकून पाहिलं.

"चला. एक तरी दार उघडं ठेवलंय म्हणायचं."

बोटाचा ठसा मात्र फोन घेईना. 'बोट पुसून पुन्हा ठेवा' असं सात वेळा आलं.

"बोटंच पुसून गेलीत माझी," अप्पा म्हणाले. "आकडा घाल." आणि त्यांनी आपला जुनाच चार अंकी आकडा सांगितला, त्यांच्या शेवटच्या जहाजावरच्या केबिनचा.

सकाळची बस सव्वासहाची होती. आई सावर्ड्यापर्यंत सोबत येणार होती. तिथे तिची धाकटी बहीण येसू राहायची आणि तिच्याकडे रथसप्तमीचं हळदीकुंकू होतं. मधल्या खोलीतल्या बोर्डावर दोन फोन कव्हरांशिवायच चार्जिंगला लावलेले होते. सानिकाने एक काढून पिशवीत टाकला. दादूने रिक्षा दारात आणली. अप्पा लुंगीवरच फाटकापर्यंत आले, आईला म्हणाले, "तिळाचे लाडू आणा दोन, येसूच्या हातचे," आणि वळून आत गेले.

*

आई सावर्ड्याला उतरली. चिपळूणच्या स्टँडवर बस वीस मिनिटं थांबली, तेव्हा सानिकाने पहिल्यांदा फोन बाहेर काढला. बोट लावलं. उघडला नाही. आकडा टाकला. चुकीचा. तिला वाटलं, घाईत काही चुकलं. पडद्यावर तीच निळी लाट होती, जी कंपनी दोन्ही फोनांवर घालून देते आणि तिने कधी बदलली नव्हती. मग तिच्या लक्षात आलं आणि ती एकटीच हसली. शेजारच्या बाईंनी तिच्याकडे पाहिलं. तिने अप्पांच्या केबिनचा आकडा टाकला. उघडला.

तिने आपल्याच नंबरवर फोन लावला.

"कोण?" अप्पांचा आवाज आला. "इथं 'अप्पा' असं आलंय. म्हटलं मीच मला फोन करतोय की काय."

"अप्पा, मी तुमचा फोन घेऊन आले."

पलीकडे ते हसू लागले. खोकला येईपर्यंत हसले.

"लिही आता जाहिरातीत. हाती घेताच जाणवेल!"

"पुरे हो. मी परत येऊ का? चिपळूणलाच आहे. दोन तासांत येईन."

"वेडी की काय? ऑफिस आहे ना तुला? शनिवारी येशील तेव्हा आण. नाहीतर कुणाबरोबर तरी पाठव." मग म्हणाले, "तोवर हा वापरतो. आकडा काय तुझा?"

कंडक्टर खिडक्यांवरून हात आपटत येत होता. सानिकाच्या डोळ्यांसमोर ग्रुप आला, पहिल्याच नंबरला, न उघडताही खुळखुळ्याची ती शेवटची ओळ दिसेल असा. फोन हातात पडला की अप्पा तो सगळा उघडून बघणार, मशीन बघावं तसा, झाकणापासून खाली.

"नको, अप्पा. ऑफिसचं सगळं आहे त्यात. चुकून कुठे काही दाबलं गेलं तर पंचाईत."

"बरं," अप्पा म्हणाले.

ते एवढंच म्हणाले. विचारून पाहावं आणि नाही म्हटल्यावर सोडून द्यावं, तसं.

"आलेला फोन घेता येतो ना? मग झालं."

"मी दुपारी करते. पोचले की."

"कर."

पुण्याला पोचून ती तशीच ऑफिसात गेली. साडेतीनला तिने फोन लावला. आपण संपर्क करू इच्छित असलेली व्यक्ती संपर्क क्षेत्राबाहेर आहे, असं बाई म्हणाली. मांडवीला रेंजचं हे नेहमीचंच. सव्वापाचला ती मीटिंगमध्ये होती. भिंतीवर यंदाच्या मॉडेलचं मोठं चित्र होतं आणि पाडव्यासाठी 'नवं' या शब्दाऐवजी काय वापरता येईल यावर बोलणं चाललं होतं. टेबलावर ठेवलेला अप्पांचा फोन वाजला. 'दादू'. अप्पांना कट्ट्यावर चल म्हणायला असेल. घर काय लांब नाही, जाईल तो तिथे. तिने फोन पालथा केला.

सहाला दहा मिनिटं असताना तो पुन्हा वाजला. 'आनंदी'. अप्पांनी आईचं नाव तसंच लिहिलं होतं. ती बाहेर आली आणि तिने उचलला. ती काही बोलण्याआधीच आईचा आवाज आला, वर चढलेला, घाईचा, पण मोकळा होऊ घातलेला.

"उचललात ना! अहो, बघा ना, दादूने फोन केला आणि काय वाटेल ते बोलतोय. मी म्हटलं, थांब, मीच लावते..."

सानिकाला काही कळलं नाही.

"आई, मी आहे."

मागे बायकांचा आवाज होता, कुणीतरी बांगड्या वाजवत भांडी उचलत होतं.

"तू," आई म्हणाली. "तुला लागला का? हाताला कळलं नाही." आणि मग अगदी सरळ आवाजात, बाजारातून काय आणायचं ते सांगावं तसं, "सानू, अप्पा गेले म्हणतात."

*

ती पोचली तेव्हा उजाडलं होतं. ओटीवर माणसं होती. चुलतभाऊ अजिंक्य सगळं बघत होता. अप्पांना बाहेरच्या खोलीत ठेवलं होतं. त्यांचे डोळे नीट मिटले नव्हते. तिने त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिला रडू आलं नाही. पाय दगडासारखे गार लागले, एवढंच तिला समजलं.

दादू येणाऱ्या प्रत्येकाला तेच तेच सांगत होता. थांबता येत नसल्यासारखा.

"मी दुपारी एक ते पाच फोन बंद ठेवतो. गिऱ्हाईकं झोपू देत नाय ना. पाचला चालू केला, जरा वेळाने त्याला लावला, वाजला, उचलला नाय. म्हटलं बघून येतो. दार लोटलेलं. मधल्या खोलीत टेबलाशी खाली बसलेला होता, भिंतीला टेकून. हाक मारली. हात लावला तर..." इथे तो दर वेळी थांबायचा. "टेबलावर डबा उघडा. टॉर्चवाला फोन बाहेर काढलेला, मागचं झाकण काढून ठेवलेलं. चिकटपट्टीचा तुकडा कापून बोटाला लावलेला. आणि हातात टाचणी. शेवटपर्यंत काहीतरी दुरुस्त करत होता मेला. काय दुरुस्त करत होता कळलं नाय."

"डॉक्टर काय म्हणाले?" कुणीतरी विचारलं.

"अडीच ते साडेतीनच्या मधे म्हणाले. मोठा झटका. पण लगेच नाय गेला. अर्धा-पाऊण तास होता म्हणाले हाताशी."

सानिका उठून मधल्या खोलीत गेली. खिडकीजवळच्या फळीवर फोन ठेवलेला होता. दादूने उचलून ठेवला असणार. तिने तो हातात घेतला. कडेचा सिमकार्डाचा कप्पा अर्धा बाहेर आलेला होता. तिने पडद्याला बोट लावलं.

'पुष्कळ चुकीचे प्रयत्न झाले आहेत. एक तास चौदा मिनिटांनी पुन्हा प्रयत्न करा.'

ती उभी राहिली. बाहेर कुणीतरी बांबू उतरवत होतं.

एक-दोनदा चुकलं तर फोन असं म्हणत नाही. रात्र उलटूनही मुदत संपू नये म्हणजे खूप वेळा. अप्पांनी सवयीने फोन उचलला असेल, आणि तो आपला नाही हे त्या क्षणी विसरले असतील. आठवायला त्या फोनवर होतं काय? केबिनचा आकडा टाकला असेल. पुन्हा टाकला असेल. मग कधीतरी त्यांना आठवलं असेल. आणि मग त्यांनी आरडाओरडा न करता, एकतीस वर्षं केलं तेच केलं. एक वाट बंद झाली तर दुसरीकडून वीज कशी न्यायची ते पाहिलं. तिचं बारीक सिमकार्ड काढायचं, चिकटपट्टीने टॉर्चवाल्याच्या मोठ्या खाचेत बसवायचं, आणि बटणं दाबायची. टॉर्चवाला चार्ज केलेला होता. तिने साडेतीनला फोन लावला तेव्हा बाई संपर्क क्षेत्राबाहेर म्हणाली, म्हणजे कप्पा तोवर बाहेर आला होता. कार्ड मात्र कप्प्यातच होतं.

आणखी चार मिनिटं मिळाली असती तर त्यांनी ते जमवलं असतं. याबद्दल तिला शंका नव्हती.

पडद्याच्या तळाशी बारीक अक्षरांत संकटकाळी न उघडताही फोन करायची सोय होती. ते शब्द तिनेच दोन वर्षांपूर्वी एका दुपारी मराठीत केले होते, इतर तीनशे ओळींबरोबर. अप्पांना ते तिने कधी दाखवले नव्हते. दाखवले असते तरी मांडवीत कुणी संकटात सरकारी नंबर लावत नाही. दादूला लावतात.

तिने कप्पा अंगठ्याने आत ढकलला. तो टक् करून बसला. मग पिशवीतून अप्पांचा फोन काढून तिने फळीवर ठेवला आणि आपला पिशवीत टाकला. कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय दिसलं असतं?

*

दहा दिवस घरात माणसं होती. येसूमावशी सावर्ड्याहून येऊन राहिली होती. चौथ्या दिवशी अजिंक्यने फळीवरचा फोन आणून सानिकासमोर धरला.

"ताई, आकडा माहितीय काय काकांचा? शेवटचा फोन कुणाला केला ते तरी कळेल. दादू पार वेडा व्हायला आलाय."

"नाही," सानिका म्हणाली. "नवा होता ना."

त्यात सापडलं असतं ते तिला माहीत होतं. चिपळूणहून सानिकाला एक, साडेतीनला सानिकाला आणखी एक, सव्वापाचचा न उचललेला दादूचा. आणि अप्पा गेल्यावर उचललेला आईचा.

दादू रोज यायचा, पण पायरीवर बसायचा नाही. बाहेर रिक्षात बसून राहायचा. त्याने फोन बंद करणं सोडलं होतं. फोन दुपारभर सदऱ्याच्या खिशात वाजायचा आणि तो दचकून काढायचा. आठव्या दिवशी त्याने सानिकाला विचारलं, "बंद असताना आलेले कॉल कुठे दिसतात काय गो? तू या लायनीतली."

"नाही दिसत, काका."

"दिसले असते तर बरं होतं," तो म्हणाला. "किती वेळा लावला ते तरी कळलं असतं."

त्याच संध्याकाळी ऑफिसातल्या एकीचा निरोप आला. 'तो व्हिडिओ जपून ठेव हं. किती गोड दिसतात काका त्यात.' सानिकाने आपला फोन आईच्या कपाटात, साड्यांखाली ठेवला.

दहाव्याला सगळे किनाऱ्यावर गेले. बायकांनी यायचं नसतं, असं येसूमावशी म्हणाली. आई म्हणाली, "मी येणार," आणि चपला घातल्या. काळ्या वाळूत गुरुजींनी मांडलं, अजिंक्यने पिंड ठेवले, आणि सगळे दहा पावलं मागे सरकून उभे राहिले. कावळा लगेच शिवत नाही. मग माणसं एकेक करून पुढे होऊन मोठ्याने बोलतात, तुमचं राहिलेलं आम्ही करू, काळजी करू नका. आईने ठरवून ठेवलं होतं, तुमचं अर्धं राहिलेलं फाटकाचं काम पुरं करून घेऊ. अजिंक्य म्हणणार होता, काकूला एकटं पाडणार नाही. आणि येताना रिक्षात दादूने सानिकाला सांगितलं होतं, "मी म्हणणार, विठू, परत कधी फोन बंद नाय करणार. तोपर्यंत तो नाय शिवणार. बघ तू."

सानिका काय म्हणणार, हे कुणी तिला विचारलं नव्हतं.

गुरुजी अजून हात धूत होते तेवढ्यात कावळा आला. जेट्टीच्या बाजूने सरळ आला, उतरला, पहिल्याच पिंडावर चोच मारली, भाताचं शीत उचललं आणि उडाला.

कुणी काहीच बोललं नव्हतं.

"समाधानाने गेले," गुरुजी म्हणाले. "काही अडकलेलं नव्हतं त्यांचं."

माणसं सैल झाली. अजिंक्य भांडी गोळा करू लागला. येसूमावशीने पदराने डोळे टिपले आणि म्हणाली, "सुटले हो."

दादू मात्र हात जोडून तसाच उभा होता. मग तो वाळूत बसला.

"माझं बोलायचं राहिलं," तो म्हणाला.

"अहो, शिवला ना," अजिंक्य म्हणाला. "राग नाही त्यांचा."

"राग नसेल. तो नव्हताच तसला." दादूने वाळू मुठीत धरली आणि सोडली. "पण फोन तर लावला असेल ना रे? पाऊण तास होता हाताशी. माझ्याशिवाय कुणाला लावणार? बंद, बंद, बंद ऐकत बसला असेल. शेवटी काय आलं असेल त्याच्या मनात माझ्याबद्दल?"

येसूमावशी नशीब असं काहीतरी म्हणाली. आई समुद्राकडे बघत होती.

"काका," सानिका म्हणाली, "त्यांनी तुम्हाला फोन लावला नाही."

"तुला काय ठाऊक?"

"त्यांना लावता येत नव्हता. त्यांच्याजवळ माझा फोन होता. त्यांचा मी घेऊन गेले होते. तुम्ही सव्वापाचला लावलात तो माझ्यासमोर वाजला, पुण्यात. मी उचलला नाही."

अजिंक्यच्या हातातलं तांब्याचं ताम्हन वाळूत पडलं. त्याने ते उचललं नाही. दादू तोंड उघडं ठेवून तिच्याकडे बघत राहिला. तो घामाने भिजला होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर काय उमटतंय ते तिला बघवेना. तिने आईकडे पाहिलं.

आई दचकली नव्हती.

"मला ठाऊक आहे," आई म्हणाली. "मी त्यांनाच लावला होता. नाव बघून लावला होता. उचललास तू."

"आई, मग तू..."

"म्हटलं, बोलेल तेव्हा बोलेल." आईने पदर सावरला. तिचा आवाज थकलेला होता, पण त्यात धार नव्हती. "पहाटेची घाई. दोन्ही एकसारखे, एकाच जागी लावलेले. त्यांनाही कळले नसते. चूक झाली, सानू. ती कुणाकडूनही झाली असती."

"चूकच ती," दादू म्हणाला. तो वाळूत हात टेकून उठायचा प्रयत्न करत होता. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो रडत होता. "अगो, चुकून झालं. चुकून झालेल्याला कोण काय करणार?"

येसूमावशी पुढे आली आणि तिने सानिकाच्या पाठीवर हात ठेवला. अजिंक्यने ताम्हन उचलून झटकलं. गुरुजींनी पिशवी खांद्याला अडकवली. सगळ्यांना जायचं होतं, आणि सगळ्यांनी तिला सोबत घेऊन जायचं ठरवलं होतं. एक पाऊल टाकलं असतं की झालं असतं.

सानिकाने पाऊल टाकलं नाही.

"चुकून फक्त फोन गेला," ती म्हणाली. "चिपळूणहून मी त्यांच्याशी बोलले, आई. त्यांनी माझा आकडा मागितला होता. मी दिला नाही."